नंबर कितवा?

मूल शाळेत जाऊ लागले की आपण आधी विचारतो, "नंबर कितवा आला?" ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस निराळी वाट धरली. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. मुले हसत-खेळत मोजू-बोलू लागली. शिक्षण कृतीतून व भीतीवाचून व्हावे, हे पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही आले. मुलाची प्रगती पालकांस सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्यच ठरले. तेव्हा राजूरच्या मातांनी शाळेत अवश्य जावे व विचारावे, "माझे मूल वाचलेले समजून सांगते का?" हा प्रश्न विचारण्यास माझ्यासारखीची सातवी इयत्ता पुरते, निरक्षर आईसही तो विचारता येतो.