गाडी कुणाची, परवाना कुणाचा, भरपाई कुणाची? मालट्रकच्या जबाबदारीचा इतिहास

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. ट्रक, विमा, लायसन. पण रस्त्यावर माणूस गेला की त्याच्या घरातल्यांना कुणाच्या दारात उभं राहावं लागतं, हा प्रश्न या तीन शब्दांत दडलेला आहे. त्याचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत कसकसं बदललं, ते आज पाहू.

सुरुवात ट्रकच्याही आधीपासून करू. 1865 साली इंग्रज सरकारने माल वाहून नेणाऱ्यांसाठी ‘कॅरियर्स ॲक्ट’ केला. तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या होत्या. या कायद्याचं एक कलम फार बोलकं आहे : माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा मालाच्या धन्याने सिद्ध करण्याची गरज नाही. म्हणजे कापसाचा गठ्ठा भिजला, तर उत्तर द्यायचं ते गाडीवाल्याने.

आता माणसाकडे बघा. अपघाती मृत्यूबद्दल कुटुंबाला दावा लावता यावा म्हणून 1855 सालीच कायदा झाला होता. मात्र समोरच्याची चूक होती, हे सिद्ध करायचं काम घरच्यांवर होतं. गठ्ठ्याच्या मालकाला जी सवलत 1865 मध्ये मिळाली, ती मेलेल्या माणसाच्या बायकोला मिळायला 1982 उजाडलं. हे अंतर लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातच घडते.

1914 मध्ये मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा आला. चालवणाऱ्याला परवाना हवा आणि वय अठराच्या खाली नको, एवढं त्याने ठरवलं. विम्याचं मात्र नाव नव्हतं. मग 1930 च्या दशकात लॉऱ्या वाढल्या, रेल्वेचा माल रस्त्यावर जाऊ लागला आणि सरकारला काळजी लागली, ती आधी रेल्वेच्या उत्पन्नाची! 1939 च्या मोटार वाहन कायद्यातली परमिटची व्यवस्था बरीचशी त्या काळजीतून आली. त्याच कायद्यात, 1930 च्या ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर, तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा करणारं प्रकरण घातलं गेलं. मध्ये महायुद्ध आलं, आणि ते प्रकरण प्रत्यक्षात लागू झालं 1 जुलै 1946 ला.

विमा सक्तीचा झाला, पण त्याला झाकण होतं. मालवाहू गाडीच्या विमा कंपनीची जबाबदारी कायद्याने सुरुवातीला 20,000 रुपयांवर थांबवली होती. पुढे ती 50,000 झाली आणि 1982 मध्ये दीड लाख. वरची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची. आणि मालक म्हणजे कोण? बहुतेक वेळा एक-दोन गाड्यांचा धनी, तीही कर्जावर घेतलेली. कोर्टाचा हुकूम हातात आहे, पैसे मात्र नाहीत, अशी गत व्हायची. 1988 च्या कायद्याने हे झाकण काढलं. तिऱ्हाइताच्या मृत्यूसाठी किंवा इजेसाठी विमा कंपनीची जबाबदारी अमर्याद झाली.

चूक सिद्ध करण्याचं ओझं तरीही होतंच. 1977 मध्ये मिनू मेहता खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयातून आलेलं प्रकरण, त्यात एक लॉरी. लॉरीत बिघाड झाला, असा मालकाचा बचाव. निष्काळजीपणा सिद्ध करायची गरजच नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. त्यानंतर पाच वर्षांनी संसदेने कायदाच बदलला. चूक कुणाचीही असो, मृत्यूला 15,000 आणि कायमच्या अपंगत्वाला 7,500 रुपये मिळायचे ठरले. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व मोठं होतं. आज तीच रक्कम मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख आहे. ही तरतूद 2019 च्या दुरुस्तीतली, ती लागू झाली एप्रिल 2022 पासून.

आता लायसनकडे येऊ. परवाना नसलेला माणूस चाकावर असेल, तर विमा कंपनीला हात वर करता येतात, अशी कायद्यात सोय होती. 1987 चा स्कँडिया इन्शुरन्सचा खटला गुजरातमधला. ड्रायव्हर काही खायला आणायला ट्रकमधून उतरला, इंजिन चालूच होतं. क्लीनरने गाडी पुढे काढली आणि अपघात झाला. क्लीनरकडे लायसन नव्हतं. विमा कंपनी म्हणाली, आम्ही सुटलो. न्यायालयाने विचारलं, मालकाने काय करायचं बाकी ठेवलं होतं? त्याने परवानाधारक ड्रायव्हर नेमला होता. अट मोडली ती त्याने नव्हे. पैसे विमा कंपनीने भरावेत.

2004 मध्ये स्वर्ण सिंह खटल्यात हेच सूत्र पक्कं झालं. लायसन खोटं किंवा अपुरं निघालं, तर मालकाची हयगय होती, हे विमा कंपनीने दाखवायचं. ते दाखवलं तरी आधी मृताच्या घरच्यांना पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. मालक आणि कंपनी यांच्या भांडणात घरच्यांनी ताटकळत बसू नये, हा त्यामागचा विचार.

हलक्या वाहनाच्या लायसनवर छोटा टेम्पो चालवला तर काय, हा वादही वर्षानुवर्षं चालला. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळी नोंद लागत नाही, असं 2017 मध्ये ठरलं. नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केलं.

पण या छत्रीखाली सगळेच येत नाहीत. आपल्याकडे टेम्पोतून लग्नाचं वऱ्हाड जातं, ट्रकच्या हौद्यात मजूर बसतात. 2002 च्या आशा राणी खटल्यात न्यायालय म्हणालं की, मालगाडीतल्या अशा प्रवाशांसाठी सक्तीचा विमा लागू होत नाही. 1994 च्या दुरुस्तीने मालासोबत जाणाऱ्या मालाच्या धन्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण दिलं. वऱ्हाडी मात्र बाहेरच राहिले. तेव्हा ‘गाडीचा विमा आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही. विमा कुणासाठी आहे, तेही विचारा.

राहिला ड्रायव्हर. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले. कायदा चांगला होता, पण 2025 मध्ये रद्द होईपर्यंत तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. एका गाडीचा धनी त्यात येतच नव्हता. बुकिंग एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं, गाडी दुसऱ्याची, ड्रायव्हर खेपेवर. बिल्टीवर कंपनीचं नाव ठळक छापलेलं असतं, पण अपघाताच्या दाव्यात ‘मालक’ म्हणून आधी बघतात ते आरसी बुकावरचं नाव. माल वेळेत पोचवण्याची घाई जिथून सुटते, तिथपर्यंत जबाबदारी क्वचितच पोचते.

अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली आणि जानेवारी 2024 मध्ये देशभर चाकं थांबली. वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय ती लागू करणार नाही, असं सरकारला सांगावं लागलं. जमावाच्या भीतीने पळावं लागतं, असं ड्रायव्हर म्हणत होते. त्यांना पाठीशी घालण्याचा प्रश्न नाही. पण शिक्षेची चर्चा ड्रायव्हरपाशी सुरू होऊन तिथेच संपली. त्याला सोळा-सोळा तास चाकावर बसवणाऱ्याबद्दल त्या आठवड्यात फारसं कुणी बोललं नाही.

भरपाई कुणी द्यायची, याचं उत्तर आपण बऱ्यापैकी शोधलं आहे. अपघात होऊ नये म्हणून कुणी काय करायचं, ते अजून अर्धवट आहे, आणि त्यासाठी आरसी बुकाच्या पलीकडे, बिल्टीवरच्या नावापर्यंत जावं लागेल. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.