काच घासणारे हात

मराठीत ज्योतिषाचा इतिहास म्हटला की शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा ग्रंथ आठवतो. त्याचा भर सिद्धान्त, करणग्रंथ आणि पंचांगांवर आहे, आणि ते स्वाभाविकच. दुर्बीण घडवणारे हात या परंपरेत क्वचितच दिसतात. पुण्यात १८८८ साली स्थापन झालेल्या नायगमवालांच्या वेधशाळेची २० इंची दुर्बीणही डब्लिनच्या ग्रब यांच्याकडूनच आली होती. १९१२ नंतर तीही कोडाईकनालला गेली.

हे हात इतिहासात आणले ते रसेल पोर्टर (१८७१–१९४९) यांनी. ध्रुवप्रदेशाच्या मोहिमा करून परतलेल्या या चित्रकाराने १९२० मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावच्या यंत्रकामगारांना आरसा घासायला शिकवले. काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. घासता घासता वरची चकती खोलगट होते, खालची फुगीर. घाट तपासायला एक दिवा आणि दाढीचे पाते पुरते. चूक मात्र प्रकाशलहरीच्या लांबीच्या लहानशा अंशापलीकडे चालत नाही. गणिताइतकीच कठोर शिस्त ही, पण बोटांची!

पुढे अल्बर्ट इंगॉल्स यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून ही विद्या घरोघर पोचवली, आणि पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या कामासाठी खुद्द पोर्टरांना बोलावणे आले.

पुण्यात ‘आयुका’च्या कार्यशाळांतून शिक्षक-विद्यार्थ्यांनी असे आरसे घासले आहेत. दीक्षितांच्या ग्रंथाचा पुढचा भाग कुणी लिहिलाच, तर एक प्रकरण त्यांच्यासाठी राखावे लागेल.