हेल्स हिंजेस

अमेरिकन मूकपट (१९१६). ‘वेस्टर्न’ या चित्रपट-प्रकारातील अभिजात कलाकृती. निर्माता टॉमस इन्स, दिग्दर्शक चार्ल्स स्विकर्ड, कथा-पटकथा सी. गार्डनर सलिव्हन. प्रमुख भूमिकेतील विल्यम एस. हार्ट याचाही दिग्दर्शनात वाटा होता. छायाचित्रण जोसेफ ऑगस्ट यांचे.

हेल्स हिंजेस हे कायदा न मानणारे सरहद्दीवरचे गाव. तेथे दुबळ्या मनाचा तरुण पाद्री रॉबर्ट हेन्ली आपली बहीण फेथ हिच्यासह येतो. दारूगुत्त्याचा मालक सिल्क मिलर त्यांना हुसकावण्याचे काम ब्लेझ ट्रेसी या बंदूकबाजावर सोपवतो. पण फेथच्या निष्ठेने ट्रेसीचेच मन पालटते. उलट पाद्री मोहाला बळी पडून दारूच्या आहारी जातो. गावगुंड चर्च जाळतात. पाद्री मारला जातो. संतापलेला ट्रेसी मिलरला ठार करतो आणि छताला टांगलेले दिवे गोळ्यांनी फोडून गुत्ता पेटवून देतो. आगीत सारे गाव भस्मसात होते.

पापी माणूस सुधारतो आणि धर्मोपदेशक ढासळतो, ही उलटी रचना कथेला धार देते. ‘सज्जन दरोडेखोर’ ही हार्टची ओळख या भूमिकेत कळसाला पोहोचली. भडक पोशाखाऐवजी धुळीने माखलेले कपडे, संयत अभिनय आणि धूर-ज्वाळांतून सैरावैरा पळणाऱ्या जमावाची दृश्ये आजही परिणामकारक वाटतात. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या मूकपटाचा समावेश झाला.