माळ्यावरचे संग्रहालय

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की हाटकेश परिसरातील कुटुंबांकडून आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो. पूर्वी तो वेलांकनी किंवा जुन्या गोव्याच्या यात्रेपुरता असे. आता मुले परदेशी स्थायिक झाल्यामुळे आईवडीलही रोम, पॅरिस, लंडन पाहून येतात. "फादर, रोमला निघालो आहोत. पोपमहोदयांचे दर्शन झाल्यावर आणखी काय पाहावे?" आम्ही सांगतो, "तिथली संग्रहालये अवश्य पाहा. पण निघण्यापूर्वी आपल्या घरचा माळा एकदा पाहून घ्या." लोक हसतात. आमचे उत्तर थट्टेचे नाही, हे स्पष्ट करण्यासाठीच हा लेखप्रपंच.

'म्यूझियम' हा शब्द मूळचा ग्रीक. कलादेवतांचे स्थान असा त्याचा अर्थ. परंतु शतकानुशतके सुंदर व दुर्मीळ वस्तू राजेरजवाड्यांच्या दालनांत बंदिस्त राहिल्या. सामान्य माणसाला त्यांचे दर्शन दुर्लभ होते. 1471 साली पोप सिक्स्तस चौथे ह्यांनी प्राचीन ब्राँझ शिल्पे रोमच्या जनतेला अर्पण केली आणि कॅपिटोलाइन संग्रहालयाचा पाया घातला गेला. ब्रिटिश म्यूझियमची स्थापना 1753 मध्ये कायद्याने झाली व 1759 मध्ये ते लोकांसाठी उघडले. पॅरिसचा लूव्र हा राजवाडा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1793 मध्ये त्याचे दरवाजे प्रजेसाठी खुले झाले. जे एका घराण्याचे होते ते सर्वांचे झाले, हा ह्या इतिहासाचा एक धागा.

दुसरा धागा आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. 14 जानेवारी 1506 रोजी रोममधील एका द्राक्षमळ्यात खणताना संगमरवराचे एक भव्य शिल्प सापडले. ट्रॉय नगरीचा पुरोहित लाओकून आणि त्याचे दोन पुत्र ह्यांना सर्पांनी विळखा घातला आहे, असा तो प्रसंग. पाहायला आलेल्या जाणकारांनी ते तत्काळ ओळखले. कसे? पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी ह्याने ह्या शिल्पाचे वर्णन लिहून ठेवले होते! पोप जूलियस दुसरे ह्यांनी ते विकत घेतले आणि व्हॅटिकन संग्रहालये आपला आरंभ त्याच घटनेपासून मोजतात. चौदाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या चार ओळींनी मातीतल्या दगडाला त्याचे नाव परत मिळवून दिले. वस्तू टिकली हे खरेच. पण तिची हकीकत टिकली नसती तर ती ओळखली कशी गेली असती?

पुढे 1797 च्या तहान्वये नेपोलियनने पोपमहोदयांच्या संग्रहातील उत्तमोत्तम शिल्पे पॅरिसला नेली. त्यांत लाओकूनही होता. नेपोलियनच्या पराभवानंतर तो रोमला परतला. घरातली वस्तू कोणी उचलून नेली की मनाला काय वाटते, ह्याचा अनुभव अशा रीतीने व्हॅटिकननेही घेतलेला आहे. म्हणूनच पोप फ्रान्सिस ह्यांनी अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे व्हॅटिकनमध्ये असलेले तीन शिल्पखंड 2023 मध्ये ग्रीसला परत केले, ही घटना आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते.

परंतु ह्यासाठी रोमच गाठले पाहिजे असे नाही. मीरा रोडला लोकल पकडावी आणि दादरला गाडी बदलून भायखळ्याला उतरावे. राणीच्या बागेला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी उघडले. मुंबईतील हे सर्वांत जुने संग्रहालय. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी ह्यांच्यासारख्या नागरिकांनी त्यासाठी परिश्रम घेतले. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांच्या मातीच्या लहान मूर्ती तिथे पाहायला मिळतात. बाहेर दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यामुळे घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव पडले तो हाच. 1864 मध्ये इंग्रजांनी त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न केला. उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले व पुढे पुन्हा जोडले गेले. त्याच्या अंगावरचे सांधे मुलांना जरूर दाखवावेत.

फोर्ट भागातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला 1905 मध्ये बसवली गेली; पण ते लोकांसाठी उघडायला 1922 साल उजाडले. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, ह्या इमारतीत लष्करी रुग्णालय होते. जिथे आज आपण मूर्ती पाहतो तिथे एकेकाळी जखमी सैनिक कण्हत होते, हे आठवले की त्या घुमटाखाली पाऊल आपोआप हळू पडते.

आता थोडे आपल्या परिसराकडे वळू. हाटकेशपासून थोड्याच अंतरावर घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील हा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर नेण्यात आल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या मंदिरावर त्यांपैकी एक आहे. तिच्यावर 1721 हे साल कोरलेले आहे. वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर, 1707 सालची घंटा आहे. एक धर्मग्रामस्थ आम्हांला एकदा थोड्या रागाने म्हणाले, "फादर, त्या आपल्या आहेत, परत मागायला हव्यात." आम्हांला तसे वाटत नाही. वितळवून त्यांचे काहीही करता आले असते. तसे न करता त्या सन्मानाने टांगल्या गेल्या आणि जपल्या गेल्या. कोरलेल्या सालामुळेच आज त्या आपल्याला आपला जन्म सांगतात. खेद वाटायचाच असेल तर तो आपल्याच हातून हरवलेल्या वस्तूंचा वाटावा.

हा खेद आम्हांला स्वतःचा आहे. पौरोहित्याच्या पहिल्या वर्षांत एका गावी आम्ही साहाय्यक धर्मगुरू होतो. चर्चची दुरुस्ती निघाली तेव्हा साक्रिस्तीच्या माळ्यावरची अडगळ आम्ही स्वतः उभे राहून खाली काढवली. तीत एक लाकडी मूर्ती होती. वाळवी लागलेली, एक हात तुटलेला, चेहरा झिजलेला. कोणा संताची तेही कळेना. फुटक्या बाकांबरोबर तीही लाकडे नेणाऱ्याच्या गाडीवर चढली. आठवड्याने एक वृद्ध बाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "फादर, आमचा संत सेबास्तियन कुठे? माझ्या आजीच्या वेळी प्लेग आला तेव्हा त्यालाच गावातून घरोघर फिरवला होता." 1896 साली मुंबईत सुरू झालेल्या त्या साथीची आठवण सांगणारे क्रूस गावठाणांतून आजही उभे आहेत, त्या गावची आठवण मात्र आम्ही चुलीत घातली होती. बाई रागावल्या नाहीत. "तुम्हांला कोणी सांगितलं नाही, तुम्ही तरी काय करणार?" एवढेच म्हणाल्या. ते वाक्य आम्हांला आजही बोचते. कारण आम्ही विचारलेही नव्हते.

म्हणून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो की आम्ही नतमस्तक होतो. कवी 'अज्ञातवासी', म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर (1896–1990), ह्यांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीला आपला संग्रह वाहिला आणि 1975 मध्ये तो महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. राजमुकुटांपेक्षा तिथे दिवे, अडकित्ते, कुलपे, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी आणि कोरीव दरवाजे ह्यांचेच राज्य आहे. पुत्रवियोगाचे दुःख उराशी धरून एका पित्याने जे जपले, त्यातून हजारो अनोळखी घरांची स्मृती टिकून राहिली.

आपल्या ख्रिस्तसभेनेही ह्या दिशेने पावले टाकली आहेत. गोव्यात 1994 मध्ये राशोल सेमिनरीत सुरू झालेले ख्रिस्ती कला संग्रहालय पुढे जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले. मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय गोरेगावच्या संत पायस सेमिनरीत 2011 पासून आहे. जुन्या मूर्ती, मिस्सावस्त्रे, पवित्र पात्रे, लाकडी कोरीवकाम ह्यांतून आपल्या पूर्वजांची श्रद्धा तिथे डोळ्यांना दिसते.

मीरा, काशी, भाईंदर, डोंगरी, उत्तन येथील जुनी घरे एकेक करून उतरत आहेत आणि हाटकेशमध्ये टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत. नव्या घरात माळा नसतो; म्हणून आजीचे लाल लुगडे, मसाला कुटायचे उखळ, मिठागरातले लाकडी अवजार, कोणा काकांचे तुटक्या तारांचे व्हायोलिन आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला वेदीवरचा क्रूस भंगारवाल्याकडे जातो. सर्व काही ठेवता येणार नाही, हे आम्ही जाणतो. दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला उखळ सांभाळा असे सांगणे अन्यायाचे होईल. परंतु देण्यापूर्वी घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला जवळ बसवून विचारावे: हे कोणाचे, कुठून आले, कशासाठी वापरत? उत्तर वहीत लिहावे, वस्तूचे छायाचित्र काढून शेजारी चिकटवावे. जी वस्तू ठेवता येते तिला त्या हकिकतीची चिठ्ठी बांधावी. जी ठेवता येत नाही आणि खरोखर जुनी आहे, ती भंगारात देण्याआधी आपल्या धर्मगुरूंना दाखवावी.

हकीकत हरवली की वारसा भंगार होतो. हकीकत असली तर तुटक्या हाताची मूर्तीही संत सेबास्तियन असते. तेव्हा रोमला जरूर जा, लाओकून पाहा. आणि परत आल्यावर आम्हांला काय पाहिले ते सांगण्यापूर्वी, जाताना आजीला काय विचारले ते सांगा.