‘ओ’ म्हणजे शून्य नव्हे : रक्तगटांच्या नामकरणाविषयी काही विचार

रक्तगटांचा इतिहास हा सामान्यतः वैद्यकाचा विषय मानला जातो. तथापि परिभाषेच्या अभ्यासकानेही पाहावी अशी त्याची एक बाजू आहे. येथे चिन्हांच्या घोळामुळे रुग्णाच्या जिवावर बेतण्याचा संभव होता, आणि एका अक्षराने वस्तुस्थितीविषयी चुकीची कल्पना रुजविली.

व्हिएन्ना येथे कार्ल लान्डस्टायनर यांनी १९०१ साली रक्ताचे तीन गट वर्णिले व त्यांस ए, बी, सी ही अक्षरे दिली. चौथा गट पुढील वर्षी देकास्तेलो व स्टुर्ली यांना आढळला. १९१०-११ च्या सुमारास फोन डुंगर्न व हिर्झफेल्ड यांनी ‘सी’ला ‘ओ’ आणि चौथ्या गटाला ‘एबी’ म्हटले. दरम्यान यान्स्की या चेक वैद्याने (१९०७) व मॉस या अमेरिकन वैद्याने (१९१०) याच गटांना रोमन आकडे दिले होते. दोघांचे ‘दोन’ व ‘तीन’ जुळत. ‘एक’ व ‘चार’ मात्र नेमके उलट. मॉसचा ‘चार’ म्हणजे ओ, तर यान्स्कीचा ‘चार’ म्हणजे एबी. नोंद कोणत्या पद्धतीची हे न पाहता रक्त दिले, तर ओ गटाच्या रुग्णास एबी रक्त जाऊन प्राणाशी गाठ पडावी! आकडे मागे पडून अक्षरे सर्वत्र रूढ व्हावयास बरीच वर्षे लागली.

रूढ झालेल्या अक्षरांतही एक खोच राहिली. ‘ओ’ हे ‘विना’ या अर्थाच्या जर्मन ‘ओने’ शब्दाचे आद्याक्षर, अशी व्युत्पत्ती पुष्कळ ठिकाणी दिलेली आढळते. ती काहीही असो, जर्मन भाषेत हा गट आजही ‘शून्य’ म्हणूनच लिहिला व उच्चारला जातो. ए नाही, बी नाही, म्हणून काहीच नाही, असा हा अर्थ. पाणिनीने लोपालाही संज्ञा दिली, पण जेथे काही अपेक्षित आहे तेथील अदर्शन म्हणून. निव्वळ अभाव म्हणून नव्हे. हा विवेक येथे सुटला.

तो उघड झाला मुंबईत. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये वर्णिलेल्या व्यक्तींचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ ठरावे असेच होते. परंतु त्यांच्या रक्तरसाने ओ गटाच्या तांबड्या पेशींचेही पुंज केले. म्हणजे ओ पेशींवर काहीतरी होतेच. ते म्हणजे एच हे प्रतिजन, ज्यावर एखादी शर्करा जोडली गेली की ए किंवा बी गट सिद्ध होतो. खरा अभाव मुंबईच्या या गटात होता. अशा व्यक्तीस ‘सर्वदाता’ ओ रक्तही घातक ठरते.

हृदयविकाराशी या गोष्टीचा संबंध पोहोचतो तो रक्त साखळण्याच्या क्रियेमुळे. क्लथन-घटकांना रोमन आकडे १९६२ साली अधिकृतपणे मिळाले. ओ गटाच्या लोकांत आठवा घटक कमी असतो, हे प्रेस्टन व बार यांनी १९६४ मध्ये दाखविले. हा आठवा घटक रक्तात ज्या प्रथिनाच्या आश्रयाने टिकतो, त्याला फिनलंडचे वैद्य फोन विलेब्रांट यांचे नाव आहे. त्यांनी १९२६ साली वर्णिलेल्या रक्तस्रावी रोगात तेच उणे असते. या प्रथिनावरही रक्तगटांच्याच शर्करा असतात. ओ गटात ए किंवा बी शर्करा नसल्याने ते लवकर नाहीसे होते व त्याची पातळी सुमारे पाव हिश्शाने कमी राहते. मुंबई गटातही ती कमी असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले.

रक्त सहज साखळत असेल, तर हृदयाच्या रोहिणीत गुठळी होण्याचा संभव वाढतो. अमेरिकेतील परिचारिका व आरोग्य-व्यावसायिकांच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या निरीक्षणावरून २०१२ साली असे अनुमान निघाले की, ओ गटाच्या मानाने एबी गटात हृद्‌रोहिणी-विकाराचा धोका सुमारे २३ टक्के अधिक असतो. ए गटातील वाढ मात्र अल्प, पाच-सहा टक्क्यांची. धूम्रपान वा रक्तदाब यांच्यापुढे हे आकडे लहान आहेत, आणि गट काही बदलता येत नाही. या विषयावरील अलीकडच्या लेखनात ‘ओ’ व ‘ओ-इतर’ अशी विभागणी सर्रास आढळते. ज्याला शून्य म्हटले, त्याच्याच अपेक्षेने आता इतर गटांना नाव मिळते.