कर्नलसाहेब आणि त्यांची कोंबडी

"पासष्टाव्या वर्षी खिशात फक्त १०५ डॉलर, १००९ वेळा नकार, आणि तरीही त्याने हार मानली नाही..." हा निरोप मला आजवर किती जणांनी पाठवला असेल याची गणती नाही. निवृत्तीच्या समारंभात तर कुणी ना कुणी हे ऐकवतोच. खाली पांढऱ्या कोटातला, बोकडदाढीवाला हसरा म्हातारा. केएफसीचा कर्नल सँडर्स!

मला या गोष्टीचा जरा रागच आहे. एक तर १००९ हा आकडा कुणी मोजला, कुठे लिहून ठेवला, याचा पत्ता नाही. आणि दुसरं म्हणजे, खरी गोष्ट यापेक्षा कितीतरी चविष्ट आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

हारलँड सँडर्सचा जन्म १८९०चा, इंडियाना राज्यातला. पाच वर्षांचा असताना वडील गेले. आई कारखान्यात कामाला, त्यामुळे धाकट्या भावंडांना रांधून घालायचं काम याच्याकडे. शाळा लवकरच सुटली. पुढे शेतमजुरी, ट्रामची कंडक्टरी, रेल्वे इंजिनात कोळसा टाकणं, थोडी वकिली, विमा, नदीवरची फेरीबोट, टायरविक्री... बहुतेक ठिकाणाहून भांडून किंवा हाकलला जाऊन बाहेर. स्वभाव भयंकर तापट आणि तोंड त्याहून वाईट!

१९३०मध्ये तो केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावी पेट्रोलपंप चालवायला आला. वाटसरूंना भूक लागते हे बघून स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर त्यांना वाढू लागला. पुढच्याच वर्षी पाटी रंगवण्यावरून शेजारच्या पंपवाल्याशी चक्क गोळीबार झाला, त्यात तेल कंपनीचा एक माणूस मेला आणि सँडर्सने त्या पंपवाल्याच्या खांद्यात गोळी घातली. (हे मात्र कुठल्याही प्रेरणादायी निरोपात नसतं.) 'कर्नल' ही पदवी सैन्यातली नव्हे. केंटकीचे गव्हर्नर ती मानाची म्हणून देतात, त्याला ती १९३५मध्ये मिळाली.

आता मुद्द्याची गोष्ट. कढईत कोंबडी तळायला अर्धा तास लागायचा. गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. आधीच तळून ठेवावी तर उरलेली वाया. भरपूर तेलात झटपट तळलेली त्याला पसंत नव्हती. १९३९च्या सुमारास बाजारात प्रेशर कुकर आले. आपल्या घरात ज्यात वरणभात लावतात, तोच. या गृहस्थाने त्यात पाण्याऐवजी तेल घातलं! (घरी अजिबात करून पाहू नका, कुकर उडतो.) खटपटी करून त्याने वाफ, तेल आणि वेळ यांचं गणित जमवलं. कोंबडी काही मिनिटांत तयार, बाहेरून कुरकुरीत, आतून रसाळ. लोक अकरा मसाल्यांच्या गुपिताबद्दल बोलत बसतात. माझ्या मते खरं गुपित हा कुकर आहे. मसाला कुणीही वाटेल, पण चवीला वेळेच्या चौकटीत बसवल्याशिवाय साखळी उभी राहत नाही.

आणि ती साखळी सुरू झाली १९५२मध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या पीट हार्मन नावाच्या हॉटेलवाल्यापासून. 'केंटकी फ्राइड चिकन' हे नाव तिथलंच, पाटी रंगवणाऱ्याला सुचलेलं. कागदी बादलीही हार्मनचीच, १९५७ची. म्हणजे कॉर्बिनवरून जाणारी रहदारी नव्या महामार्गाकडे वळणार म्हणून १९५६मध्ये सँडर्सला हॉटेल विकावं लागलं आणि महिना १०५ डॉलरच्या पेन्शनवर यावं लागलं, हे खरं; पण तेव्हा त्याच्या हातात चालू धंद्याचा नमुना आणि पंचवीस वर्षांचा हात बसलेला होता. तो शून्यातून उठला नाही. गाडीत कुकर आणि मसाला घालून तो गावोगाव फिरला, दर कोंबडीमागे काही सेंट असा करार करत.

१९६४मध्ये सहाशेच्या वर दुकानं झाली आणि त्याने कंपनी वीस लाख डॉलरला विकली. स्वतः पगारी 'चेहरा' म्हणून राहिला. इथे मला तो माणूस खरा भेटतो. कंपनीने रस्सा स्वस्त केला, तर हा भर वर्तमानपत्रात म्हणाला की हा रस्सा नव्हे, भिंतीला कागद चिकटवायची खळ आहे! एका दुकानाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९७८मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. स्वतःचाच चेहरा छापलेल्या बादलीतलं अन्न आवडत नाही आणि बोलायचा हक्कही शाबूत राहायला कोर्टात जावं लागतं... वीस लाखांत नेमकं काय काय विकलं गेलं होतं, हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं.

१९८०मध्ये तो नव्वदाव्या वर्षी गेला. कंपनी हातोहात फिरत राहिली: दारूवाले, सिगारेटवाले, मग पेप्सी, आणि १९९७पासून आज यम या नावाने असलेली कंपनी. इंग्लंडमध्ये १९६५, जपानमध्ये १९७०. जपानमध्ये १९७४च्या जाहिरातीनंतर नाताळला केएफसी खाणं ही रीतच झाली, आगाऊ नोंदणी करून. बीजिंगमध्ये पहिलं दुकान १९८७ला; २०२३मध्ये एकट्या चीनमध्ये दहा हजार पार! तिथे सकाळी तांदळाची पेज मिळते म्हणे.

आपल्याकडे ती आली १९९५मध्ये, बंगलोरला. महापालिकेने अजिनोमोटो जास्त असल्याचं म्हणत कारवाई केली, आणि ३० जानेवारी १९९६ला नंजुंडस्वामींच्या रयत संघाने दुकान फोडलं. मोडतोड मला पटत नाही. पण अनेकांनी त्यांना नुसतं हसण्यावारी नेलं, तेही बरं नव्हतं. धान्य माणसाने खायचं की कोंबडीने, आणि कुक्कुटपालन कुणाच्या हाती राहणार, हे त्यांचे प्रश्न फालतू नव्हते. त्याच काळात आपले शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने उभे होते, म्हणजे शेतकऱ्यांचे दोन नेते, दोन टोकं. त्या वादाचा निकाल मला तरी अजून लागलेला दिसत नाही. दुकानं मात्र गावोगाव झाली, आणि शाकाहारी पदार्थही आले. असो.

२०२५च्या फेब्रुवारीत बातमी आली की केएफसीचं अमेरिकेतलं मुख्यालय केंटकीतल्या लुईव्हिलहून टेक्सासला हलणार. कर्नलसाहेब लुईव्हिलच्याच दफनभूमीत आहेत, पांढऱ्या सुटात आणि काळ्या नाडीच्या टायमध्ये पुरलेले. कॉर्बिनचं जुनं हॉटेलही जपून ठेवलंय. तिथे जेवणघरातच त्याने मोटेलच्या खोलीचा एक नमुना बांधला होता, जेवायला आलेल्या बायकांनी येता-जाता स्वच्छ खाट बघावी आणि नवऱ्याला मुक्काम करायला लावावा म्हणून. ती खोली अजून आहे.