जे जे मूल, ते ते पास

‘सगळी मुलं पास झाली नाहीत.’ शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज आला तर काय समजायचं? काहीजण नापास झाले, की एकही पास झालं नाही? मला दोन्ही अर्थ ऐकू येतात. शब्द तेच, ‘नाही’ कुणाला लागतंय, एवढाच फरक.

अ‍ॅरिस्टॉटलचं तर्कशास्त्र ‘सगळे’ आणि ‘काही’ यांवरच उभं होतं आणि दोन हजार वर्षं चाललं. पण ‘माणूस प्राणी आहे, म्हणून माणसाचं डोकं हे प्राण्याचं डोकं’ एवढी साधी गोष्ट त्यात सिद्ध होईना. एकोणिसाव्या शतकात डी मॉर्गननं यावर नेमकं बोट ठेवलं.

वाट काढली गोटलोब फ्रेगनं. येना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या या तिशीतल्या माणसाचं ‘बेग्रिफ्सश्रिफ्ट’ हे छोटं पुस्तक 1879 साली आलं. व्याकरणात ‘सगळी मुलं’ हा कर्ता. फ्रेगनं तो मोडूनच टाकला: कुठलीही गोष्ट घ्या, ती मूल असेल तर ती पास झाली. आपल्याकडे हे ‘जे जे मूल, ते ते पास’ असं सहज म्हणता येतं! कागदावर तो आडव्या रेघेत एक खळगा काढायचा आणि त्यात अक्षर लिहायचा. नकाराची बारीक उभी रेघ खळग्याच्या आधी आली तर ‘सगळी नाहीत’. पुढे, ‘पास’च्या रेघेवर आली तर ‘एकही नाही’. घोळ मिटला.

लोकांना मात्र ही चित्रलिपी रुचली नाही. श्र्योडरनं परीक्षणात जपानी उभ्या लिखाणाचा टोमणा मारला. आज पुस्तकांत दिसणारा उलटा ‘ए’ फ्रेगचा नाही. तो गेंट्झननं 1935 साली आणला.

पण या सगळ्यात ‘सगळी मुलं’ हा शब्दगट हरवला तो हरवलाच. तो परत आणला रिचर्ड माँटेग्यूनं. 1971 साली लॉस एंजेलिसमध्ये त्याचा खून झाला. त्याचा गाजलेला निबंध 1973 साली, त्याच्या मागे छापून आला. त्याच्या मते ‘सगळी मुलं’ म्हणजे प्रत्येक मुलात असलेल्या गुणधर्मांचा संच. त्यात ‘पास होणं’ असेल तर वाक्य खरं.

मी माँटेग्यूच्या बाजूचा आहे, तो ‘बहुतेक’ या शब्दामुळे. बारवाइज आणि कूपर यांनी 1981 साली दाखवलं की ‘निम्म्याहून जास्त’ हे फ्रेगच्या ‘सगळे’–‘काही’मधून घडवताच येत नाही. करून बघा: ‘बहुतेक गोष्टी अशा, की त्या मूल असतील तर पास झाल्या.’ आता सगळी मुलं नापास झाली तरी हे वाक्य खरंच ठरतं. जगातले दगड, ढग, खुर्च्या मूल नाहीतच ना!